आगोटीच्या जिनसांची घरगुती पारख

पावसाळा तोंडावर आला कीं आपल्या किनाऱ्यावरील घरोघर आगोटीची लगबग सुरू होते. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ह्या बाजूस वर्षाकाठीं दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांतच पडतो. त्या अवधींत वाळवणास ऊन नाहीं, दर्या खवळलेला असल्यानें ओली मासळी नाहीं, आणि पूर्वी खाड्यांवर पूल नसल्यामुळें बाजारहि दुरावलेला असे. म्हणून वैशाखांतच सुकी मासळी, वाल, कांद्याच्या माळा, मीठ, चिंच, आमसुलें, मिरच्या व चार महिने पुरेल इतका तांदूळ असा सांठा घरांत भरून ठेवण्याची चाल पडली. आज पूल झाले, दुकानें गांवोगांव झालीं, तरी ही चाल मोडलेली नाहीं. पालटलें तें एवढेंच कीं, पूर्वी आगोटीचे बहुतेक जिन्नस आपल्या शेतांतून कोठींत येत, ते आतां पाकिटांतून येतात.

ह्या पालटाचा विचार आम्हांस एका साध्या प्रसंगानें करावा लागला. गेल्या वैशाखांत आमचे चिरंजीव मुंबईहून येतांना एक भली मोठी पिशवी घेऊन आले. तींत लाल तांदूळ, कडवे वाल, आमसुलें व गुलाबी मीठ अशीं सुबक पाकिटें होतीं. हल्लीं शहरांत अशा निवडक किराण्याचीं निराळीं दुकानें निघालीं आहेत. वालाच्या पाकिटावरील किंमत नातवानें वाचून दाखविली तेव्हां आमच्या मातुश्री म्हणाल्या, “ह्या भावानें आपले वाल कोणीं घेतले असते, तर तुझ्या पणजोबांनीं दुसरी विहीर खणली असती रे बाबा!”

मातुश्रींचें बोलणें थट्टेचें होतें, परंतु तें आमच्या मनांत घर करून राहिलें. आमची अर्धी हयात महसूल खात्यांत पंचनामे लिहिण्यांत गेली. ऐकीव गोष्टीवर निकाल देणें आमच्यानें होत नाहीं. म्हणून आम्हीं असें ठरविलें कीं, पाकिटांतील जिन्नस व गांवचा जिन्नस शेजारीं शेजारीं ठेवून, सारख्या मापानें घेऊन, सारखाच शिजवून पाहावा. कोणत्या वाटींत काय आहे हें फक्त सूनबाईंस ठाऊक. चव घेणारीं आम्ही पांच माणसें. आणि प्रत्येकाचें मत वहींत टिपलेलें. आठ दिवस आमच्या माजघराची कचेरी झाली होती असें म्हणावयास हरकत नाहीं.

पहिल्या दिवशीं तांदूळ घेतला. येथें प्रांजळपणें सांगितलें पाहिजे कीं, आमचा घरचा तांदूळ हरला. त्यांत दोन खडे निघाले, कणी अधिक होती व चवींतहि पाकिटांतला तांदूळ सरस ठरला. तो खरोखरीच लाल आहे कीं रंगविलेला, हें पाहण्यास दाणा मोडून पाहावा. लाल तांदुळाचा रंग वरच्या कोंड्यांत असतो व आंत दाणा पांढराच असतो. तसा तो निघाला. मौज ही कीं, असा लाल तांदूळ आपल्या खारजमिनींत पिढ्यान् पिढ्या पिकत आला आहे. खाऱ्या पाण्यांत तग धरणारीं काळा रता १-२४ व भुरा रता ४-१० हीं भाताचीं वाणें ह्याच मुलखांत प्रसिद्धीस आलीं. आमच्या लहानपणीं राता म्हणजे गड्यांचा भात. पाहुणा आला तर तो पानांत वाढण्याची लाज वाटे. तोच आज पाकिटांत बसून परत येतो, तेव्हां त्यास मान मिळतो. मात्र एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. कोंड्यांत तेल असतें व तें दमट हवेंत लौकर खवट होतें. म्हणून बिनसडीचा तांदूळ चार महिन्यांच्या आगोटीसाठीं भरूं नये. भात तसेंच ठेवून लागेल तसें भरडून आणावें.

मिठाची पारख थोडक्यांत आटोपली. गुलाबी मीठ म्हणजे आपलें सैंधवच. तें बहुतेक पाकिस्तानांतील पंजाबांत खेवड्याच्या खाणींतून निघतें व त्याचा रंग लोहाच्या अंशामुळें येतो. पेण व उरणचीं मिठागरें हाकेच्या अंतरावर असतां तें इतक्या दुरून आणावें, ह्यांत आम्हांस शहाणपण दिसलें नाहीं. परंतु मिठागराचें खडेमीठ जेवणास घ्यावें असेंहि आम्ही म्हणणार नाहीं. आयोडिन नसलेलें मीठ थेट खाण्यासाठीं विकण्यास २००६ पासून देशभर बंदी आहे आणि ती योग्य कारणासाठीं आहे. आयोडिनाच्या अभावानें गलगंड होतो व गरोदर स्त्रीस तें कमी पडल्यास मुलाच्या बुद्धीस बाधा येते. समुद्राचें मीठ म्हणजे त्यांत आयोडिन असणारच ही समजूत चुकीची आहे. मीठ जमतांना त्याचा अंश फारच थोडा राहतो. सबब रोजच्या जेवणास व लोणच्यास आयोडिनयुक्त मीठ, आणि मासळी खारविण्यास मिठागराचें, असा आमच्या घरीं निर्णय झाला.

वालांवर मात्र आम्हीं तीन दिवस घालविले, कारण ह्या विषयांत आमचाहि थोडा अपराध आहे. आमच्या घरचें वालाचें पीक सहा वर्षांपूर्वीं बंद पडलें. भात कापून झालें कीं गांवचीं गुरें मोकाट सुटतात. एकट्यानें राखण तरी किती करावी? म्हणून वाल शेजारच्या वाडींतील एका शेतकऱ्याकडून आणविले. दोन्ही वालांचे शंभर शंभर दाणे मोजून रात्रीं भिजत घातले व सकाळीं निथळून फडक्यांत बांधले. तिसऱ्या दिवशीं मोड मोजले. वाडीच्या वालांपैकीं ९३ रुजले, पाकिटांतील ६१. बाकीच्यांपैकीं कांहीं फुगून आंबले व कांहीं गणंग राहिले, ते दोन शिट्या अधिक देऊनहि शिजले नाहींत. बी तपासण्याची ही रीत प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक आहे. ती स्वयंपाकघरांत लावावी हें मात्र आपल्यास सुचत नाहीं. बिरड्यास लागणारा वाल म्हणजे बीच आहे. जो रुजत नाहीं त्याचें बिरडें होत नाहीं, आणि शंभरांत चाळीस दाणे वायां गेले तर पाकिटाचा भाव छापील भावाच्या दीडपटीहून अधिक पडतो.

असें कां झालें, ह्याचें उत्तर पाकिटावरच होतें. त्यावर माल भरल्याची तारीख होती. पीक काढल्याची नव्हती. दोहोंच्या मध्यें किती दिवस गेले, तो माल कोणत्या गुदामांत दमट हवेंत पडून होता, हें कळण्यास मार्ग नाहीं. उष्णता व ओल मिळाली कीं बियांची रुजण्याची शक्ति झपाट्यानें जाते. आपल्या जुन्या बायकामाणसांनीं ह्यावर उपाय काढला होता: वाल कडक उन्हांत तापवून, गार करून, चाळलेल्या राखेंत घालून मडक्यांत भरीत. राख दाण्यांमधल्या फटी भरून टाकते, त्यामुळें भुंग्यास हिंडतां येत नाहीं, व ओलहि ती शोषून घेते. आतां घट्ट झांकणाच्या पिंपांतहि वाल टिकतात, पण आधीं ऊन भरपूर द्यावें. भुंग्याचीं अंडीं पुष्कळदां शेतांतूनच शेंगांवर आलेलीं असतात.

चवीचें काय? पांचांपैकीं चौघांनीं वाडीचे वाल ओळखले. पाकिटांतील वाल मोठे व पिठूळ होते, व त्यांत कडव्या वालाची ती किंचित् तुरट कडसर चव नव्हतीच. पांचवा म्हणजे आमचे चिरंजीव. त्यांनीं आपल्याच पाकिटास कौल दिला, हें पंचनाम्यांत नमूद आहे. येथें आणखी एक सूचना करून ठेवतों. वाल भिजविलेलें पाणी टाकून द्यावें व वाल नीट शिजवावे. सुक्या वालांत जे अपायकारक अंश असतात ते त्यानें पुष्कळ कमी होतात.

आमसुलांविषयीं फारसें लिहिण्यासारखें नाहीं. घरचीं काळपट, पाकिटांतलीं तजेलदार. पण सारास घातलीं तेव्हां घरचींच आंबट निघालीं. सुक्या जवळ्याची परीक्षा मात्र सगळ्यांनीं अवश्य करावी. तोललेला जवळा पाण्यांत ढवळून काढावा आणि तळाशीं बसलेली वाळू सुकवून तोलावी. वाळूच्या भावानें आपण मासळी घेतों कीं मासळीच्या भावानें वाळू, हें तत्काळ समजतें.

कांद्याची पारख आम्हांस लाजविणारी ठरली. चिरंजिवांनीं येतांना हमरस्त्यावरील एका मांडवांतून ‘अलिबागचा पांढरा कांदा’ म्हणून दोन माळा घेतल्या होत्या. माळ नीट विणलेली, कांदा पांढरा शुभ्र; आम्हीं स्वतः पाहून पसंत केला. परंतु विळीवर चिरतांच घरांतून हाक आली कीं, हा कांदा आपला नव्हे, डोळे उघडवत नाहींत. कार्ल्याच्या एका बागायतदाराकडून माळ मागवून दोन्ही कांदे कच्चेच भाकरीबरोबर खाल्ले. कार्ल्याचा गोडसर, रसाळ, मांडवांतला तिखट.

भेद कशांत आहे, तें समजून घेण्यासारखें आहे. कांदा कापला कीं त्यांतील गंधकयुक्त द्रव्यें फुटून डोळ्यांस झोंबणारी वाफ निघते व त्याबरोबर पायरूव्हिक आम्ल तयार होतें. हें आम्ल जितकें कमी तितका कांदा सौम्य. कार्ले, खंडाळे, नेहुली, वाडगांव ह्या बाजूच्या कांद्यांत तें कमी असतें व तेथील जमिनींत गंधकहि कमी आहे, अशीं वैशिष्ट्यें मांडून ह्या कांद्यास २०२१ सालीं भौगोलिक मानांकन मिळालें. उलट गुजरातेंत महुवा भागांत जो पांढरा कांदा होतो, तो बहुतांशीं वाळवून भुकटी करण्याच्या कारखान्यांसाठीं असतो. त्यांत पाणी कमी व तिखटपणा अधिक असणेंच इष्ट. रंग एक, काम वेगळें. पांढरा कांदा कोठूनहि आणून आपल्या पद्धतीनें माळ विणली कीं गिऱ्हाइकास नुसत्या नजरेनें भेद कळत नाहीं. जेथें आम्हांस कळला नाहीं तेथें मुंबईकरास काय कळणार? आणि एकदां डोळ्यांतून पाणी काढलेलें गिऱ्हाईक पुढील वर्षीं खऱ्या माळेसमोरहि थांबत नाहीं. ह्यांत बुडतो तो कार्ल्याचा शेतकरी.

मानांकन मिळालें म्हणजे काम झालें असें पुष्कळांस वाटतें. तें तसें नाहीं. १९९९ च्या कायद्याप्रमाणें प्रत्येक उत्पादकानें अधिकृत वापरकर्ता म्हणून आपलें नांव नोंदवावें लागतें, आणि मानांकनाचें दर दहा वर्षांनीं नूतनीकरण करावें लागतें. ज्यांनीं नांवें नोंदविलीं नसतील त्यांनीं सातबारा घेऊन शेतकी खात्याच्या तालुका कचेरींत जावें व माळेवर आपल्या नांवागांवाची चिठ्ठी बांधावी. बी मात्र आपल्याच निवडलेल्या कांद्यांचें धरावें. तें विकत आणून भागवूं लागलों तर चिठ्ठी खरी राहून कांदा खोटा होईल.

आमच्यापुरतें सांगावयाचें तर, वहींतील नोंदी वाचून झाल्यावर मातुश्रींनीं वालाची गोष्ट पुन्हां काढली. लगतच्या सात खातेदारांस आम्हीं घरीं बोलाविलें व वाडीच्या वालांचें बिरडें वाढूनच गुरांचा विषय काढला. चौघे सामाईक कुंपणास तयार झाले, दोघांनीं विचार करून सांगतों म्हटलें, एकानें गुरें बांधण्यास साफ नकार दिला. त्याच्या बांधाकडील कुंपण दुहेरी घालावें लागेल. वीस गुंठ्यांस पुरतील इतके, म्हणजे बारा किलो वाल बियांसाठीं राखेंत घालून ठेविले आहेत. भात निघून जमिनींत ओल आहे तोंच, कार्तिकाच्या अखेरीस, ते पेरावयाचे आहेत.