आशफ, भगत आणि 2013चा कायदा

महागाव तालुक्याच्या शिवारात साप चावला असं म्हणत नाहीत, ‘पान लागलं’ म्हणतात. पान लागलेल्याला आधी भगताकडे न्यायचं, ही जुनी रीत. कडुलिंबाचा पाला चावायला द्यायचा, कडू लागला तर विष चढलं नाही असं धरायचं. मग मंत्र, झाडणं, दोरा. तेवढ्यात दवाखान्याची वेळ हातची जाते.

मंत्राने दुखणं उतरवणारे फार पूर्वी दूरदेशीही होते. बायबलमधल्या दानीएलाच्या पुस्तकाचा मोठा भाग अरामी भाषेत आहे. त्यात बाबेलच्या राजाच्या पदरी असलेल्या मांत्रिकाला ‘आशफ’ म्हटलं आहे. शब्द मूळचा अक्कडी, ‘आशिपू’. हा कुणी भोंदू नव्हे. मातीच्या पाट्यांवरचे ग्रंथ शिकलेला तो विद्वान होता. दुखणं कुठल्या भुताचं, कुठल्या देवाच्या कोपाचं हे ताडायचं आणि विधी करून उतरवायचं, हे त्याचं काम. औषध देणारा ‘आसू’ त्याच्या जोडीला असे. इ.स.पू. सातव्या शतकात निनवेच्या राजाला या दोघांनी धाडलेली पत्रं आज वाचता येतात. त्यांच्या हाती जे होतं ते त्यांनी केलं. त्यांना बोल लावावा असं मला वाटत नाही.

आज मात्र दवाखान्यात सापाचं इंजेक्शन आहे. ते असताना रोग्याला अडवून ठेवणाऱ्याला माफी का द्यायची, हा प्रश्न महाराष्ट्रात नेटाने विचारला गेला. 1982 मध्ये श्याम मानव यांनी नागपुरातून अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम उभं केलं. 1989 पासून डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती गावोगाव नेली. अंधश्रद्धेच्या नावाखाली होणाऱ्या फसवणुकीविरुद्ध कायद्याची मागणी वर्षानुवर्षं रेंगाळली. 2005 मध्ये विधानसभेने विधेयक मंजूर केलं, पुढे ते अडकलं. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला आणि काही दिवसांतच अध्यादेश निघाला. डिसेंबरात कायदा झाला. एवढी किंमत मोजावी लागली, याची चीड अजून जात नाही.

कायदा देवधर्माच्या आड येत नाही. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला उपचारापासून रोखून मंत्र-दोरा करणं हा मात्र त्यात गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं कैद, शिवाय दंड.

तेव्हा पान लागलं तर कुणाच्या दारात थांबू नका. 108 ला फोन लावा आणि थेट सरकारी दवाखाना गाठा.