नर्तकाची झेप आणि प्रकाशाची मुदत

कोलाडजवळ कुंडलिकेच्या पात्रात सकाळी जो लोंढा येतो, तो मुळशीच्या जलाशयात साठवून, घाटाच्या कड्यावरून नळांतून उतरवून, १९२७ साली सुरू झालेल्या भिऱ्याच्या वीजकेंद्राची चक्रे फिरवून झाल्यावर सोडलेल्या पाण्याचा असतो, आणि राफ्टिंगसाठी येणाऱ्या मंडळींचा सारा खेळ त्या पाण्याच्या मुदतीवर चालतो. स्टुडिओत नर्तकांची छायाचित्रे घेणाऱ्याचा कारभार याच तऱ्हेचा आहे. त्याच्या फ्लॅशमधील कपॅसिटर काही सेकंद वीज जमा करीत राहतो आणि हुकूम होताच ती सारी पुंजी झेनॉन वायूच्या नळीत एकदम रिती करतो. ५० ज्यूल ऊर्जा १/१००० सेकंदात खर्ची पडली, तर तेवढ्या अवधीपुरती त्या मुठीएवढ्या दिव्याची शक्ती ५० किलोवॅट असते.

नर्तकाची गती गोठविण्याचे श्रेय सामान्यतः कॅमेऱ्याच्या शटरला दिले जाते. वस्तुतः ते प्रकाशाचे आहे. फ्लॅशबरोबर वापरताना बहुतेक कॅमेऱ्यांचे शटर १/२०० ते १/२५० सेकंदापेक्षा जलद चालविता येत नाही, आणि तेवढ्या काळात, सेकंदाला ८ मीटर वेगाने फिरणारे पाऊल ३ ते ४ सेंटिमीटर सरकून चित्रात त्याचा नुसता फराटा उरतो. परंतु खोलीतला इतर उजेड पुरता बंद केला, तर शटर उघडे असूनही काळोखात काहीच नोंदले जात नाही. नोंद होते ती फ्लॅशच्या अवधीची, आणि तो १/१०,००० सेकंद असेल, तर तेच पाऊल एक मिलिमीटरही हलत नाही. हे तत्त्व जुने आहे. १८५१ साली छायाचित्रणाच्या आद्य संशोधकांपैकी एक असलेल्या टॅल्बटने, वीज साठविणाऱ्या लेडन बरण्यांतील ठिणगीने, वेगाने फिरणाऱ्या चाकावर चिकटविलेल्या वर्तमानपत्राच्या कागदाचे चित्र घेतले होते. पुढे १९३० च्या दशकात अमेरिकेत एमआयटीच्या हॅरॉल्ड एजर्टनने स्ट्रोबोस्कोप, म्हणजे लागोपाठ चमकणारा दिवा, सिद्ध केला आणि त्याच संस्थेत विद्युत-अभियांत्रिकी शिकलेल्या जॉन मिली याने ते साधन बॅले-नर्तिकांपुढे नेऊन ठेवले.

येथे नवशिक्याला चकविणारी एक गोष्ट आहे. लहान, कॅमेऱ्यावर बसणारा फ्लॅश कमी शक्तीवर लावला की त्यातील विद्युत्प्रवाह मध्येच तोडला जातो, म्हणून प्रकाश कमी होतो तसा त्याचा अवधीही आखडतो. उलट जुन्या धर्तीच्या स्टुडिओ-दिव्यांत शक्ती कमी करणे म्हणजे कपॅसिटरचा दाब उतरविणे, आणि त्याने अवधी उलट लांबतो. भारी दिवा आणला म्हणजे चित्र अधिक रेखीव येईल, हा समज म्हणूनच निराधार आहे. माझ्या मते नृत्यासाठी लहान दिवे, तेही अल्प शक्तीवर चालविलेले, केव्हाही श्रेष्ठ.

अर्थात दिवा कितीही चपळ असला, तरी कोणता क्षण टिपावा हे तो सांगत नाही. ते गुरुत्वाकर्षण सांगते. ४५ सेंटिमीटर उंच उडी सुमारे ०.६ सेकंद टिकते, आणि तिचा निम्मा काळ वरच्या चतुर्थांशात, म्हणजे केवळ ११ सेंटिमीटरच्या पट्ट्यात जातो. ‘ग्रां जते’ या बॅलेतील लांब झेपेत नर्तक शिखराशी येताना पाय व बाहू वर उचलतो. त्यामुळे देहाचा गुरुत्वमध्य देहातच वर सरकतो, मस्तकाचा मार्ग जवळजवळ सपाट होतो, आणि नर्तक अधांतरी तरंगल्याचा भास होतो. केनेथ लॉज या भौतिकशास्त्रज्ञाने १९८४ च्या आपल्या नृत्यभौतिकीवरील ग्रंथात हे विवेचन मार्था स्वोप यांच्या छायाचित्रांसह केले आहे. मुंबईत येहुदा माओर यांच्यापाशी बॅले शिकलेल्या मनीष चौहान आणि अमिरुद्दीन शाह यांची कथा २०२० साली चित्रपटात आणणाऱ्या सूनी तारापोरवाला स्वतः छायाचित्रकार आहेत, हा योग मला अर्थपूर्ण वाटतो.

क्षणिक प्रकाशात झेप टिपण्याची हीच तजवीज गणपतीत नाचल्या जाणाऱ्या आपल्या बाल्या नाचासाठी कोणी केली, तर मला मनापासून आनंद होईल. कोलाडसारख्या गावी शाळेचे सभागृह रात्री सहज स्टुडिओ होते. मागे काळे कापड, नाचणाऱ्यापासून दोन मीटरांवर कडेला दिवा आणि दिव्यापासून आठ मीटरांवर भिंत, एवढ्या बंदोबस्ताने भिंतीवर सोळावा हिस्साच प्रकाश पोहोचतो, आणि कडेच्या उजेडात पोटऱ्यांचे स्नायू व चाळांचे घुंगरू उठून दिसतात. भाद्रपदातील दमट हवेत, वातानुकूलित गाडीतून काढलेल्या भिंगावर बाष्प धरते; म्हणून कॅमेरा आधीपासून सभागृहात ठेवावा. डोळ्यांनी पाहून बोट दाबेपर्यंत सुमारे ०.२ सेकंद निघून जातात, तेव्हा छायाचित्रकाराने ढोलकीवर कान ठेवून, ठोक्याच्या किंचित आधी कळ दाबावी.

मिलीप्रमाणे शटर सेकंदभर उघडे ठेवून दहा वेळा दिवा चमकविला, तर पाय उचलल्यापासून आपटेपर्यंतच्या साऱ्या अवस्था एकाच चित्रात उतरतील आणि गुडघ्याचा कोन मोजता येईल. यात अडचण एकच: फिरणाऱ्या हाताच्या प्रत्येक स्थितीवर एकदाच प्रकाश पडतो, पण टेकलेल्या स्थिर पायावर तो दहाही वेळा पडून पाय पांढराफटक होतो, म्हणून त्या पायावर गडद मोजा चढवावा किंवा दिव्याची खालची बाजू पुठ्ठ्याने झाकावी.