अध्यक्ष महोदय, नोंद घ्या!

काही वर्षांपूर्वीची पावसाळ्यातली एक संध्याकाळ. माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. सीमाभागातल्या एका नगरपालिकेत महिला राखीव वॉर्डातून ती नुकतीच निवडून आली होती. चहा निवत चालला तरी कपाला हात लावेना. शेवटी म्हणाली, "सर, चार सभा झाल्या. चारही वेळा बोलायला उभी राहिले आणि चारही वेळा कुणीतरी मोठ्या आवाजात मध्येच सुरू झालं. मी खाली बसले. वॉर्डात नळाला गढूळ पाणी येतंय. बायका दारात येऊन विचारतात, सभेत तुम्ही काय बोललात? त्यांना काय सांगू?"

तिचे माहेर मराठी, सासर कन्नड. घरात दोन्ही भाषा सुखाने नांदतात. कार्यालयीन कन्नडमधली विषयपत्रिका मात्र सासरे समजावून सांगतात तेव्हा तिला उमगते. पण तिची खरी अडचण भाषेची नव्हती. सभेत बोलण्याची एक रीत असते, ती तिला कुणी सांगितलीच नव्हती. इतकी वर्षे मी राज्यशास्त्र शिकवतो, वर्गात पंचाहत्तर मार्कांचा पेपर सोडवून घेतो. पण नगरपालिकेच्या सभेत उभे कसे राहावे, हे मीही तिला कधी शिकवले नव्हते. त्या संध्याकाळी गुरूलाच पुन्हा अभ्यासाला बसावे लागले.

आपल्या राज्यात नगरपालिकांना 1964 चा आणि महापालिकांना 1976 चा कायदा लागू आहे. सभा कशी बोलवावी, कशी चालवावी, याची चौकट या कायद्यांत आणि त्यांखालच्या नियमांत सापडते. हे सारे रूक्ष वाटते खरे, पण त्यामागचे सूत्र आपल्या घरातलेच आहे. दोन भाऊ वाटणीवरून एकमेकांशी थेट बोलू लागले की भांडण पेटते. तेच आजीला मध्ये बसवून, आजीकडे बघून बोलले, की शब्द आपोआप सौम्य होतात. सभेत ही आजीची जागा अध्यक्षांची. म्हणूनच सदस्याने समोरच्या सदस्याशी नव्हे, तर अध्यक्षांना उद्देशून बोलायचे असते. अध्यक्षांनी नाव पुकारल्यावरच उठायचे, विषय सोडून बोलायचे नाही, कुणाच्या खासगी आयुष्यावर घसरायचे नाही आणि अध्यक्ष बोलू लागले की आपण थांबायचे.

हे नियम दुबळ्यांना गप्प बसवण्यासाठी असतात, असा एक समज आहे. मला नेमके उलटे वाटते. ज्याचा आवाज मोठा, ज्याच्या पाठीशी दहा माणसे, त्याला नियमाची गरजच काय? तो नियमावाचूनही बोलतोच. गरज असते ती एकट्या सदस्याला, पहिल्यांदा निवडून आलेल्या बाईला, संख्येने थोड्या असलेल्या गटाला. कर्नाटकातील शहरी संस्थांत महिलांसाठी 50 टक्क्यांपर्यंत जागा राखीव आहेत. जागा मिळाली, पण बोलण्याची पाळी मिळाली नाही, तर त्या राखीव जागेचा उपयोग काय? आणि सभागृहात सदस्य गप्प, बाहेर तिच्या वतीने नवरोजी कारभार पाहताहेत, हे चित्र आपण काय कमी पाहिले आहे? सभेत बोलण्याचा अधिकार सदस्याचा आहे, तिच्या घरातल्या कुणाचा नव्हे.

सभा चालवणे मोठमोठ्यांनाही जड जाते. अमेरिकेच्या सैन्यातील अभियंता हेन्री रॉबर्ट याला 1863 मध्ये न्यू बेडफर्ड गावी एका सभेचे अध्यक्षपद देण्यात आले. सभेत इतका गोंधळ माजला, की नियम शिकल्याखेरीज पुन्हा सभेला जायचे नाही, असे त्याने ठरवले. तो अभ्यासाला लागला आणि 1876 मध्ये त्याने सभेच्या नियमांचे पुस्तक काढले. आजही ते तिकडे प्रमाण मानतात. आपल्या महापालिकांत तर महापौर दरवर्षी बदलतो. खुर्चीचा सराव होतो न होतो तोच खुर्ची सोडायची वेळ येते. मग सभासदांनाच नियम ठाऊक असलेले बरे!

खुर्ची रिकामी असली तर काय होते, तेही आपण बेळगावात पाहिले. 58 जागांच्या महापालिकेची निवडणूक सप्टेंबर 2021 मध्ये झाली; महापौर निवडला गेला तो 6 फेब्रुवारी 2023 रोजी. तब्बल सतरा महिने नगरसेवक निवडून आलेले होते, पण त्यांचे सभागृह नव्हते. सभेतल्या ठरावाला वजन किती असते, तेही या शहराला नव्याने सांगायला नको. 2005 मध्ये महाराष्ट्रात सामील होण्याचा ठराव झाला आणि सरकारने सभागृहच बरखास्त केले. त्या ठरावाविषयी प्रत्येकाचे मत काहीही असो, ठरावाच्या वहीतली ओळ ही नुसती शाई नसते, एवढे त्यातून नक्की कळते.

तर त्या संध्याकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलावरच सभा भरवली. माझी पत्नी अध्यक्ष झाली, मी आडदांड सदस्य. विद्यार्थिनीने उभे राहून पाण्याचा विषय काढायचा आणि मी मध्येच ओरडायचे. पहिल्या खेपेस ती खाली बसली. दुसऱ्या खेपेस माझ्याशीच भांडू लागली. तिसऱ्या खेपेस मात्र माझ्याकडे न बघता म्हणाली, "अध्यक्ष महोदय, हरकतीचा मुद्दा आहे. आपण मला बोलायची परवानगी दिली आहे, माझं बोलणं पूर्ण व्हायचं आहे." अध्यक्षांनी पळीने टेबल वाजवले. मला गप्प बसावे लागले.

आणखी काही गोष्टी मी तिला कागदावर लिहून दिल्या. विषय आयत्या वेळी काढू नकोस, आधी लेखी दे, म्हणजे तो विषयपत्रिकेवर येईल. ठरावाला सूचक लागतो, अनुमोदकही लागतो; तो आदल्या दिवशीच शोधून ठेव. ठरावात बदल हवा असेल तर आरडाओरडा न करता उपसूचना मांड. अधिकारी सभेत माहिती देतात, पण त्यांना मत नसते. नेमलेल्या तज्ज्ञ सदस्यांनाही राज्यघटनेने मताचा अधिकार दिलेला नाही. तेव्हा मते मोजताना निवडून आलेल्यांकडे लक्ष ठेव. आणि शेवटी सर्वांत महत्त्वाचे, "माझ्या म्हणण्याची नोंद घ्यावी" असे सांगून ती नडावळीत उतरली की नाही, हे पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी तपास.

भाषेचे काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणारच. राज्याची राजभाषा कन्नड आहे. पण राज्यघटनेच्या 350 व्या कलमानुसार राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत गाऱ्हाण्याचा अर्ज देता येतो. विधानसभेत ज्याला राजभाषेत नीट व्यक्त होता येत नाही, त्याला मातृभाषेत बोलू देण्याची मुभा 210 व्या कलमाने अध्यक्षांना दिली आहे. नगरपालिकेला हे कलम लागू नाही, पण त्यातला समजूतदारपणा उचलायला कुणाची हरकत नसावी. विषयपत्रिका मराठीतही मिळावी ही मागणी रास्तच आहे. ती करत असतानाच हाती आलेला कन्नड कागद वाचता येणेही आपल्याच हिताचे आहे. नाहीतरी मराठीतला ठराव आणि कन्नडमधला ठरावु, दोघांचे मूळ एकच की!

सामान्य नागरिकाला सर्वसाधारण सभेत बोलता येत नाही. अमेरिकेतील बऱ्याच शहरांत सभेच्या वेळी नागरिकांना दोन-तीन मिनिटे मिळतात. आपल्याकडे ती सोय वॉर्ड समितीत व्हावी, अशी अपेक्षा आहे. 74 व्या घटनादुरुस्तीने तीन लाख किंवा अधिक वस्तीच्या शहरांसाठी तशी तरतूद केली आणि कर्नाटकात महापालिकांच्या वॉर्ड समित्यांचे नियम 2016 मध्ये आले. आपल्या वॉर्डाची समिती आहे का, ती कधी बसते, हे नगरसेवकाला विचारायला आपल्याला कुणी अडवलेले नाही.

माझ्या विद्यार्थिनीचे पुढे काय झाले? पाचव्या सभेत ती बोलली. अर्धे मराठीत, अर्धे कन्नडमध्ये, अध्यक्षांकडे बघत. गोंधळ झालाच, पण ती उभी राहिली. लगेच पाणी स्वच्छ आले नाही. मात्र नडावळीत ओळ आली होती. पुढच्या दोन सभांत त्याच ओळीवर बोट ठेवून तिने अधिकाऱ्यांना उत्तर द्यायला लावले आणि दिवाळीच्या सुमारास तिच्या गल्लीतली जुनी पाइप बदलली गेली. दारात येणाऱ्या बायकांना तिने त्या पानाची झेरॉक्स दाखवली.

तिच्या सासऱ्यांनी मला परवा बाजारात गाठले आणि हसत कन्नडमधली जुनी म्हण ऐकवली, "ऊट बल्लवनिगे रोगविल्ल, मातु बल्लवनिगे जगळविल्ल." जेवणे जाणतो त्याला रोग नाही, बोलणे जाणतो त्याला भांडण नाही. मग म्हणाले, "सर, आता घरातपण ती अध्यक्षांच्या परवानगीनेच बोलते. पण अध्यक्ष तीच!"