माळ्यावरची कुबडी

माझी कुबडी माळ्यावर ठेवली होती. रागानं नव्हे, काळजीनं. "उगाच पडशील, आणि जायचंय कुठं तुला?" असं वहिनी म्हणाली आणि मी मान डोलावली. तिसऱ्या वर्षी पोलिओ झाला, तेव्हापासून माझा उजवा पाय कॅलिपरमध्ये. आई गेल्यावर पंचवटीतल्या त्याच घरात मी भावाच्या संसारात राहू लागले. मला कोणी कधी मारलं नाही, उपाशी ठेवलं नाही. हे आधीच सांगते, कारण कित्येक वर्षं मी स्वतःलाही हेच सांगत होते.

मग होत काय होतं? पाहुणे आले की "हिला चहा चालतो का?" हे माझ्यादेखत वहिनीला विचारलं जाई आणि उत्तरही तीच देई. (सरकारी कागदावर मी आता दिव्यांग आहे, घरी मात्र नुसती 'ही'.) कुबडी नसल्यानं बाथरूमला जायलाही हाक मारावी लागे. "आत्ताच तर नेलं होतं," हे ऐकायला नको म्हणून दुपारनंतर मी पाणी पिणंच सोडलं. निराधार योजनेचं पासबुक भावाच्या कपाटात. मैत्रिणीचा फोन आला तर "झोपलीय ती." आणि भाऊ चिडला की एक वाक्य ठरलेलं, "आम्ही नसतो तर कोणी विचारलं असतं तुला?" शिवी परतवता येते. हे वाक्य मला पटत होतं.

आमच्या नाशिकला आस्था नाही असं मी म्हणणार नाही. रजनी लिमये यांनी 1977 साली मतिमंद मुलांसाठी प्रबोधिनीची शाळा सुरू केली ती इथंच. पण शाळेत, संस्थेत चार माणसं बघतात. घराच्या उंबऱ्याआत कोण बघणार?

माझ्या बाबतीत बघितलं ते शाळेतल्या एका मैत्रिणीनं. न कळवता आली, माझ्याजवळ बसली आणि सहज म्हणाली, "चल, गंगेवर जाऊन येऊ. कुबडी कुठंय?" मी उत्तर द्यायच्या आधी दाराकडे पाहिलं, वहिनी ऐकत नाही ना म्हणून. तिनं ते टिपलं. माझं मला तेव्हाच कळलं, की मी या घरात घाबरून राहते.

पुढं तिच्याबरोबर रिक्षानं सीबीएसजवळच्या जिल्हा न्यायालयात गेले. तिथल्या विधी सेवा प्राधिकरणाकडे अपंग व्यक्तीला मोफत वकील मिळतो, हे मला ठाऊकच नव्हतं. (फोन करायचा तर 15100.) 1995 चा कायदा मुख्यतः शिक्षण, नोकरी, आरक्षणाविषयी बोलत होता. 2016 च्या कायद्याचं सातवं कलम मात्र थेट छळ आणि पिळवणुकीवर आहे. कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे बहुधा तहसीलदाराकडे, त्याची माहिती देता येते. ती अपंग व्यक्तीनंच द्यावी असंही नाही. शेजारीण देऊ शकते, नोंदणीकृत संस्था देऊ शकते. ज्याला बोलताच येत नाही, त्याच्यासाठी हे फार मोलाचं आहे. श्रवणयंत्राचा सेल मुद्दाम न आणणं, एका ठरावीक माणसाची चाहूल लागताच मतिमंद मुलानं अंग चोरणं, या खुणा शेजाऱ्यांनाच दिसतात. आणि मन फारच खचलं असेल तर 14416 या क्रमांकावर मोफत बोलता येतं. मी दोनदा बोलले.

तक्रार मी केली नाही. भावाला कोर्टात उभं करण्याची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर, रात्री मला हात देणारी माणसं तीच होती. हीच यातली मोठी अडचण आहे. वकीलबाईंनी आग्रह धरला नाही. भावाशी काय बोलायचं, ते मात्र माझ्याकडून दोनदा म्हणवून घेतलं. घरी आठवडाभर अबोला होता. मग पासबुक माझ्या उशीखाली आलं आणि कुबडी भिंतीला.

परवा एकटी गंगेवर गेले आणि मेथीच्या दोन जुड्या आणल्या. "महाग घेतलीस," वहिनी म्हणाली. मी म्हटलं, "बरं, उद्या तू ये बरोबर."