होडीची ओळ आधी

मणिबेलीत सभा कधी घ्यायची हे ठरवताना आधी होडी कधी आहे ते विचारावं लागतं. सरदार सरोवराच्या बुडितातलं हे महाराष्ट्राचं पहिलं गाव. अक्कलकुवा हा राज्यातला पहिल्या क्रमांकाचा विधानसभा मतदारसंघ आणि मणिबेली हे त्यातलं पहिलं मतदान केंद्र. निवडणुकीत मतदान पथकंही इथे बार्जमधून गेली आहेत.

काठावर काम करणाऱ्यांच्या डायऱ्या मात्र वेगवेगळ्या. लसीकरणाचा दिवस सिस्टरच्या वहीत, पालकसभा गुरुजींच्या भिंतीवर, होडीच्या फेऱ्या होडीवाल्या दादाच्या डोक्यात. मग डोस आणि सभा एकाच सकाळी येतात आणि होडी तिसऱ्याच पाड्याला गेलेली असते. या सगळ्या तारखा मोबाइलवरच्या एका सामायिक कॅलेंडरात आणायच्या, या कामाला मी मदतीला बसलो.

शाळा, दवाखाना आणि होडी अशी तीन कॅलेंडरं केली. तिन्ही एकाच पडद्यावर, तीन रंगांत. खरी चर्चा झाली ती परवानग्यांवर. गूगल कॅलेंडरमध्ये एखाद्याला फक्त ‘वेळ मोकळी की भरलेली’ एवढंच दाखवता येतं, पूर्ण तपशील दाखवता येतो, नोंदी बदलू देता येतात किंवा पुढे इतरांना वाटण्याचाही हक्क देता येतो. सगळ्यांना सगळं बदलू द्या, असं सुरुवातीला सगळेच म्हणतात. दादांनी नकार दिला. “होडीची नोंद तुम्ही हलवली तर डिझेल कोण टाकणार?” त्यांचं म्हणणं रास्त होतं. होडीच्या कॅलेंडरात लिहिण्याचा हक्क दादा आणि त्यांचा मुलगा यांनाच राहिला. बाकीच्यांनी ते पाहायचं आणि आपल्या तारखा त्याभोवती बसवायच्या.

‘ठिकाण’ हा रकाना शहरात बहुतेक जण रिकामा सोडतात. इथे तोच सगळ्यात महत्त्वाचा. धरणाची पूर्ण पातळी 138.68 मीटर, पाणी तिथवर चढलं की होडी घराजवळ लागते, उन्हाळ्यात उतरलं की तोच काठ खाली गाळात जातो. म्हणून नुसतं गावाचं नाव पुरत नाही, होडी लागण्याची जागाही लिहावी लागते आणि पाण्याबरोबर बदलावी लागते.

सणांचं वेगळंच. तयार सुट्ट्यांच्या कॅलेंडरात होळी एका तारखेला छापून येते. सातपुड्यात ती गावागावांत वेगळ्या दिवशी पेटते. काठी गावची राजवाडी होळी पाहून माणसं दुसऱ्या गावच्या होळीला जातात, आणि त्याआधी महाशिवरात्रीला देवमोगऱ्याची यात्रा असते. त्या दिवसांत लसीकरण लावणं म्हणजे रिकाम्या घरांना डोस देणं. तयार सुट्ट्या बंद केल्या आणि होळीच्या तारखा गावकऱ्यांना विचारून हाताने भरल्या.

संपर्कांनी जास्त दमवलं. साध्या खात्यातले फोन नंबर कॅलेंडरसारखे वाटता येत नाहीत. फाईल काढून पाठवावी लागते, आणि पाठवल्याक्षणी ती जुनी व्हायला लागते. नंबर बदलला की एका फोनमध्ये नवा, दुसऱ्यात जुना. त्यापेक्षा सगळ्यांना उघडता येईल असा एकच तक्ता बरा. त्यात ‘फोन कोणाच्या घरी’ आणि ‘नेटवर्क कुठे, केव्हा’ असे दोन रकाने वाढवले, कारण एका फोनवर अनेक घरांचे निरोप येतात आणि तो फोन टेकडीवर गेल्यावरच लागतो. बायकांचे नंबर कोणाला दिसावेत हे मात्र त्यांनाच विचारून ठरवलं. कॅलेंडर एकदा उतरलं की नेटवर्क नसतानाही दिसतं. केलेला बदल मात्र टेकडीवर पोचल्यावरच इतरांकडे जातो. म्हणून आदल्या दिवशीचा बदल कॅलेंडरावर सोडायचा नाही, माणूस पाठवायचा.

तसं संपर्क जुळवणं या गावाला नवीन नाही. 1994 साली मोठ्या धरणांना जागतिक बँकेने पैसा देणं थांबवावं, अशी मागणी करणारा ‘मणिबेली जाहीरनामा’ निघाला. त्याला 44 देशांतल्या 326 संस्था-संघटनांनी पाठिंबा दिला. तेव्हा इथे कोणाच्या हातात मोबाइल नव्हता.

अडचण आता तालुक्याच्या कचेऱ्यांची आहे. तिथल्या तारखा अजून कागदावर येतात, तेही उशिरा. साहेबांना एवढीच विनंती: काठावरच्या गावांची बैठक लावण्याआधी होडीची ओळ पाहा. ती बघायची परवानगी मागाल त्याला मिळते.