कान, वय आणि स्पीकरची निवड
एकच स्पीकर एकाला सुरेल आणि दुसऱ्याला कर्कश वाटतो, याचे कारण पुष्कळदा यंत्रात नसून कानात असते. निरोगी तरुण कान सुमारे 20 ते 20,000 हर्ट्‌झचे, म्हणजे सेकंदाला तितकी कंपने असलेले ध्वनी ऐकतो. परंतु वयानुसार अंतर्कर्णातील केसपेशी, म्हणजे कंपनांचे संदेशांत रूपांतर करणाऱ्या आणि पुन्हा न उगवणाऱ्या पेशी, झिजत जातात, त्यामुळे झांजेची किणकिण आधी मंदावते व तीव्र स्वर उठावदार करणारा स्पीकर अशा श्रोत्याला अधिक स्पष्ट वाटू शकतो. ध्वनिसंशोधक फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्ये दाखविल्याप्रमाणे आवाज लहान असताना खर्ज विशेष क्षीण भासतो, आणि दुकानात मोठ्या आवाजात पारख करताना नेमके हेच विसरले जाते. स्पीकर घरच्या नेहमीच्या आवाजात, स्वतःच्या कानांनी ऐकूनच घ्यावा.