पहाऱ्याची सूची

सकाळी सहा

मराठी विकिपीडियावर रात्री काय घडले ते पाहायचे तर ‘अलीकडील बदल’ उघडायचे. मी तिथे प्रचालक आहे, म्हणजे पाने वगळण्याची आणि जुन्या आवृत्त्या लपवण्याची कळ माझ्याकडे आहे. पगार नाही, कार्यालय नाही, साहेबही नाही. सांगकाम्यांनी, म्हणजे स्वयंचलित आज्ञावल्यांनी, केलेली दुव्यांची डागडुजी बाजूला सारली की माणसांची संपादने उरतात. त्यांत माझी नजर आधी मोठ्या हिरव्या आकड्यावर जाते. एका झटक्यात नऊ-दहा हजार बाइट वाढले असतील, तर कोणीतरी धूळपाटीवर, म्हणजे सरावाच्या पानावर, खूप दिवस घासूनपुसून लिहिले आहे किंवा कुठून तरी उचलून आणले आहे.

आज एका झाडाच्या लेखात असा आकडा आहे. दोन ओळी वाचल्या आणि कळले. वाक्ये घट्ट, क्रियापदे काटकसरीने वापरलेली, ‘(पहा : …)’ असा कंस, मधेच एक बाणाचे चिन्ह, आणि शेवटी आडनाव आधी लिहिलेले एक नाव. मराठी विश्वकोशातली नोंद लेखकाच्या सहीसकट चिकटवली आहे. नक्कल शोधून देणारी यंत्रे आहेत, पण छापील मराठी पुस्तकांपुढे ती बहुधा आंधळीच ठरतात. माझा पोटापाण्याचा धंदा मुद्रितशोधनाचा. दुसऱ्याच्या वाक्याची चाल ओळखायची सवय तिथून लागली.

काय करायचे ते ठरलेले आहे. मजकूर काढायचा, मधली आवृत्ती लपवायची, आणि त्या सदस्याच्या चर्चापानावर चार ओळी लिहायच्या. आवृत्ती लपवावी लागते कारण विकीवर ‘इतिहास पहा’ ही कळ सगळ्यांना दिसते. वरून काढलेला मजकूर खाली जसाच्या तसा शाबूत असतो, म्हणजे प्रकाशित असतो. चार ओळी लिहायला सर्वांत जास्त वेळ लागतो. तयार साचा आहे, तो डकवला की काम भागते. पण साचा वाचून माणूस परत येत नाही, असा माझा अनुभव आहे. चिकटवणारे बहुतेक जण चोर नसतात. त्यांना त्या झाडाविषयी प्रेम असते आणि आपल्या भाषेत ते पान रिकामे आहे याचे वाईट वाटते.

सकाळी साडेसात

दूध, डबा, पाणी. मधल्या वेळात फोनवर त्या सदस्याचे उत्तर आले: “विश्वकोश सरकारचा आहे ना मॅडम? म्हणजे जनतेच्या पैशाचा. मग जनतेने का वापरू नये?”

प्रश्न रास्त आहे, आणि दर महिन्याला कोणी ना कोणी तो चावडीवर, म्हणजे विकीच्या सामायिक चर्चापानावर, विचारतोच. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याने कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या मजकुरावर तिथे प्रताधिकार नसतो. आपल्याकडे तसे नाही. १९५७च्या कायद्याप्रमाणे सरकारी प्रकाशनावर सरकारचा हक्क असतो आणि तो प्रकाशनानंतर ६० वर्षे चालतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या संपादनाखालचा विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. सरळ हिशोब केला तर १ जानेवारी २०३७. अधिनियम आणि न्यायालयांचे निकाल यांना सूट आहे, विश्वकोशाला नाही. मनाविरुद्ध का होईना, हे मी त्याला लिहिले. मनाविरुद्ध अशासाठी, की गोवा विद्यापीठाने २०१३ मध्ये कोंकणी विश्वकोश मुक्त परवान्याखाली देऊन टाकला, आणि त्यामुळे कोणाचे काही बिघडल्याचे ऐकिवात नाही. सही करायला एक अधिकारी आणि एक कागद पुरतो.

सकाळी दहा

प्रकाशकाची प्रुफे. यावर काही सांगण्यासारखे नाही. एवढेच की ज्या हक्काचा मी इकडे पहारा करते, त्याच हक्कावर तो प्रकाशक आणि पर्यायाने माझे घर चालते. म्हणून ‘सगळेच फुकट असावे’ म्हणणाऱ्यांच्या गोटात मला जागा नाही.

दुपारी बारा

साताऱ्याहून एका निवृत्त शिक्षकांचा फोन. वडील लेखक होते.

“ताई, बाबांची दोन्ही पुस्तकं आता कुठंच मिळत नाहीत. विकीच्या त्या मुक्त ग्रंथालयात, विकिस्रोतावर, टाकता येतात असं कळलं.”

“येतात काका. ते कधी गेले?”

“चौऱ्याऐंशी साली.”

लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षे, आणि मोजणी पुढच्या १ जानेवारीपासून. म्हणजे हे लेखन आपोआप मुक्त व्हायला २०४५ उजाडेल. तोवर हक्क वारसांचा. भावंडे किती? तिघे, एक बहीण न्यू जर्सीत. तर सही तिघांचीही हवी. प्रकाशकाशी करार? “पत्र असेल कुठंतरी ट्रंकेत.” १९९४च्या दुरुस्तीनंतरच्या हस्तांतरणात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षे धरतो, आणि आजवर पुष्कळ वारस त्यावर सुटले आहेत. पण काकांचा कागद त्याच्या कितीतरी आधीचा. त्याला ही सवलत नाही. ट्रंक उघडावीच लागेल.

मग खरी अडचण आली. मी सांगितले की एकदा विकिस्रोताला लागणारा मुक्त परवाना दिला की कोणीही ते पुस्तक छापू शकेल, विकूही शकेल.

“विकू शकेल? म्हणजे बाबांच्या पुस्तकावर दुसरा पैसे कमावणार?”

“हो. तुम्हाला न विचारता.”

“आणि नाव?”

“नाव लावावंच लागेल. त्यावरून कोणी अनुवाद केला किंवा त्यात भर घातली, तर तेही याच अटीवर सगळ्यांसाठी खुलं ठेवावं लागेल.”

“फक्त वाचायला फुकट, विकायला बंदी, असं नाही करता येत?”

तसा परवाना आहे, पण विकिपीडिया, विकिस्रोत अशा विकिमीडियाच्या प्रकल्पांत तो चालत नाही. यावर इथेच नव्हे, जगभरच्या विकींवर वाद होतात. माझे मत नियमाच्या बाजूने आहे. गावातल्या झेरॉक्सवाल्याने एखाद्या लेखाच्या प्रती काढून पाच-पाच रुपयांना विकल्या तर तो ‘व्यापार’ झाला का, हे ठरवत बसण्यापेक्षा विक्रीची मोकळीक दिलेली बरी. पण ज्याच्या वडिलांचे पुस्तक आहे त्याला हा युक्तिवाद ऐकवणे मला जमत नाही. मी फक्त म्हटले, “काका, घाई नाही. दिलेलं परत घेता येत नाही, एवढं लक्षात ठेवून ठरवा.” संमतीचा मजकूर कसा लिहायचा आणि तो विकिमीडियाच्या प्रतिसाद-चमूला कोणत्या पत्त्यावर पाठवायचा, हे ईमेलने कळवले. तोंडी परवानगी चालत नाही, मला आलेला व्हॉट्सॲपही चालत नाही.

दुपारी अडीच

विकिमीडियाच्या कॉमन्स या चित्रसाठ्यावरची छायाचित्रे. एका उत्साही मुलाने आपल्या गावचा अख्खा अल्बम चढवला आहे, आणि प्रत्येक चित्राखाली ‘स्वतःचे काम’.

चौकातला अश्वारूढ पुतळा: ठीक. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी उभ्या असलेल्या शिल्पाचे छायाचित्र काढायची मुभा आपल्या कायद्यात आहे. वाड्याची इमारत: तीही ठीक. शाळेच्या भिंतीवर गेल्या वर्षी रंगवलेले मोठे चित्र: नाही. ती मुभा शिल्पाला आणि वास्तूला आहे, भिंतीवरच्या चित्राला नाही. रंगवणारा चित्रकार हयात आहे, हक्क त्याचा. एकाच चौकात उभे राहून कॅमेरा डावीकडे वळवला तर चालते आणि उजवीकडे वळवला तर चालत नाही, हे त्या मुलाला पटवून देताना कायदा करणाऱ्यांचा थोडा राग येतो. जत्रेत लागलेले सिनेमाचे पोस्टर: अर्थातच नाही. देवघरातली राजा रविवर्म्याची लक्ष्मी: खुशाल. रविवर्मा १९०६ मध्ये गेले, आणि सपाट चित्राची हुबेहूब प्रत काढण्यात नवी कलाकृती होत नाही, असे कॉमन्स मानते.

दोन चित्रे अगदी लहान आहेत आणि कॅमेऱ्याची काहीच माहिती त्यांत उरलेली नाही. व्हॉट्सॲपवरून आलेल्या चित्रांची ही हमखास खूण. विचारले, तर मुलगा प्रामाणिकपणे म्हणाला, “ग्रुपवर आली होती.”

शेवटचे चित्र पणजोबांचे, शहरातल्या स्टुडिओत बसून काढलेले. इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. चित्रात जो आहे त्याचा हक्क नसतो हे खरे, आणि एरवी हक्क काढणाऱ्याचाच. पण पैसे देऊन काढवून घेतलेल्या छायाचित्राचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, काढवून घेणारा. पणजोबांनी पैसे मोजले होते का, हे आता आजीलाच माहीत. विचारून सांगतो म्हणाला.

दुपारी चार

भिंतीवर एक यादी टांगली आहे, मृत्यूच्या वर्षांची. ऐकायला अभद्र वाटते, पण विकिस्रोतावर काम करणाऱ्याचे पंचांग तेच. मर्ढेकर आणि डॉ. आंबेडकर दोघेही १९५६ मध्ये गेले. दोघांचे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त. अत्रे २०३०. खांडेकर २०३७. गदिमा २०३८, म्हणून गीतरामायणातले गाणे कोणी अख्खे उतरवले की काढावे लागते, आणि ते कोणी ना कोणी उतरवतेच. पु. ल. २०६१, तोवर मी यादी बघायला असेन असे वाटत नाही. बहिणाबाईंचे गणित निराळे. त्या १९५१ मध्ये गेल्या, पण गाणी पुस्तकरूपाने आली १९५२ मध्ये. मरणोत्तर प्रकाशनाची ६० वर्षे प्रकाशनापासून धरतात, म्हणून २०१३.

आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथ १९४१ मध्ये गेले. १९९१ संपत आले तसा त्यांच्या लेखनाचा हक्क संपणार हे दिसू लागले, आणि मुदत दहा वर्षांनी वाढवली. एका कवीसाठी उचललेले पाऊल साऱ्या भाषांतल्या साऱ्या लेखकांना लागू झाले. छापून संपलेल्या, कोणी विचारत नसलेल्या मराठी पुस्तकांना त्या दहा वर्षांनी काय दिले, तर आणखी दहा वर्षांची वाळवी.

त्यात विकीचे सर्व्हर अमेरिकेत. तिथला हिशोब जुन्या पुस्तकांना प्रकाशनापासून ९५ वर्षांचा, आणि १९९६ च्या सुरुवातीला भारतात ज्यांवर हक्क शिल्लक होता अशी आपली पुस्तकेही त्यात ओढली गेली. म्हणून साने गुरुजींची तिसाच्या दशकातली पुस्तके भारतात २०११ पासून मुक्त, अमेरिकेत नाहीत. सावरकरांचे उलट: विसाच्या दशकाच्या मध्यापर्यंत छापून निघालेले त्यांचे लेखन अमेरिकेत मोकळे, भारतात १ जानेवारी २०२७ पर्यंत नाही. काय ठेवायचे, काय काढायचे यावर चर्चेची पानेच्या पाने भरली आहेत. निव्वळ या अमेरिकी कायद्याच्या शक्यतेवरून सरसकट पाने वगळू नयेत, या मताची मी आहे.

संध्याकाळी सहा

एका दैनिकाच्या पुरवणीत आपल्याच एका लेखाचे तीन परिच्छेद, खाली त्यांच्या प्रतिनिधीचे नाव. गंमत म्हणजे मी घातलेला एक स्वल्पविरामही तसाच. विकिपीडियाचा मजकूर कोणीही घ्यावा, पैसे मिळवावे. अट एवढीच, की श्रेय द्यावे, परवाना सांगावा, आणि त्यावरून घडवलेला मजकूरही त्याच अटीवर खुला ठेवावा. २००९ पासून मजकुराचा मुख्य परवाना क्रिएटिव्ह कॉमन्सचा आहे, २०२३ पासून त्याची चौथी आवृत्ती. पुरवणीने यातले काहीच केलेले नाही.

तक्रार कोणी करायची, हाही प्रश्नच. विकिपीडिया चालवणारी संस्था या मजकुराची मालक नाही. ज्याने जे लिहिले ते त्याचे, त्याने फक्त वापराची परवानगी दिलेली. त्या लेखात माझ्याशिवाय कितीतरी जणांचे हात आहेत, काही नुसते आयपी अंकपत्ते. मी माझ्या वाट्याच्या परिच्छेदांपुरते संपादकांना सभ्य पत्र लिहिले, आधीच्यांसारखेच. आधीच्यांना उत्तरे आलेली नाहीत.

रात्री आठ

झाडवाल्याने धूळपाटीवर पुन्हा लिहिले आहे. ‘वृक्ष’च्या जागी ‘झाड’, ‘आढळतो’च्या जागी ‘सापडतो’, सांगाडा विश्वकोशाचाच. शब्द बदलल्याने मजकूर आपला होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये एका नाटकावरून सिनेमा उचलल्याच्या खटल्यात ठरवून दिले की कल्पनेवर, विषयावर हक्क नसतो, मांडणीवर असतो. तेव्हा झाडाची उंची, फुलांचा महिना, लाकडाचे उपयोग ही माहिती कोणाचीच नाही. ती कोणत्या क्रमाने आणि कशी सांगितली, ते लेखकाचे. मी त्याला विचारले, तुमच्या भागात हे झाड कशाला वापरतात? त्याने औताच्या दांड्याचे लिहिले, छान लिहिले. पण त्याला छापील आधार लागणार. त्याच्या तालुक्याच्या वाचनालयात जिल्ह्याचे गॅझेटियर आहे का ते पाहायला सांगितले. तिथूनही उतरवायचे नाही, हे जोडून लिहिले.

रात्री साडेदहा

साताऱ्याचे ईमेल. तिघा भावंडांचे बोलणे झाले. न्यू जर्सीची बहीण आधी तयार झाली, काका शेवटी. ट्रंकेत एका पुस्तकाचे पत्र सापडले, त्यात हक्क लेखकाने स्वतःकडेच ठेवलेले. ते पुस्तक देतील. दुसऱ्याचा कागद मिळाला नाही, ते राहील. सोबत मुखपृष्ठाचा फोटो पाठवला आहे, सुंदर आहे, कोपऱ्यात चित्रकाराची सही. लेखकाच्या वारसांना त्या चित्रावर परवानगी देता येत नाही. चित्रकाराच्या घरच्यांचा पत्ता लागतो का ते विचारले, आणि तोवर मुखपृष्ठ वगळून स्कॅन करा, असे कळवले.